पाणी प्यायचं घर

साऱ्या धुळ्यात सर्वांत जास्त लेकींची लग्नं कुणी लावली असतील, तर ती देवपुरातल्या आमच्या मागच्या घरात राहणाऱ्या आबांनी, आणि आबांना लेक एकही नव्हती. मुलगे चार, चौघेही आपापल्या नोकरीच्या गावी. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गल्लीतल्या घराघरात माहेरवाशिणी यायच्या, झोके बांधले जायचे, आणि आबांच्या कडुलिंबाला हौसेने टांगलेला झोका रिकामाच हलत राहायचा. जिनिंग फॅक्टरीतली मुकादमी संपल्यावर या माणसाने परसात वाफे पाडले आणि लेकी मातीतून काढायला सुरुवात केली. हे शब्द माझे नाहीत, त्यांच्या बायकोचे, म्हणजे साऱ्या गल्लीच्या अक्कांचे. उंबऱ्यात बसून त्या हे आल्यागेल्याला ऐकवीत, आणि आबा ते कौतुक समजून ऐकत.

मृगाच्या सुमारास आबा वांगी, मिरची, झेंडू यांचं बी टाकत. रोपं वीतभर झाली की वाफ्यात दाटी होई. दुसऱ्या कुणी चार जोमदार ठेवून बाकीची उपटून उकिरड्यावर टाकली असती. आबांना ते जमत नसे. पोरी जास्त झाल्या म्हणून फेकायच्या का, असं ते विचारत, आणि तेही अशा आवाजात, की समोरच्याला आपण आत्ताच कुणाचा तरी गळा दाबत होतो असं वाटावं. तेव्हा प्रत्येक रोप कुणाच्या तरी घरी जायला हवं. पण नुसतं देऊन टाकायचं नाही, आधी स्थळ बघायचं. आबा टोपी घालून घरोघर जात. ऊन कुठून येतं, मोरीचं पाणी कुठे जातं, शेजारची शेळी मोकळी असते की बांधलेली, घरातल्या बाईचा आवाज किती चढतो, सगळी चौकशी करत. कोपऱ्यावरच्या मारवाडी कापडवाल्या शेठजींना मिरचीचं रोप पसंत पडलं, पण ते सहज विचारून बसले की याला वर्षाला किती मिरच्या लागतील. आबांनी रोप उचललं आणि घरी आणलं. देण्याघेण्याची भाषा करणारं घर नको, म्हणाले. शेवटी शेठाणीबाई स्वतः येऊन गोड बोलल्या, तेव्हा कुठे ती सोयरीक जुळली.

रोप सासरी निघताना त्याचा डबा ओल्या फडक्यात गुंडाळलेला असे आणि डब्याला अक्कांनी हळदकुंकू लावलेलं असे. दिल्यावरही आबांचं लक्ष असे. एका मास्तरांच्या घरी वांग्याच्या बुडाशी कढत पाणी ओतलं गेल्याचं कळलं, तेव्हा आबा दुपारी टळटळीत उन्हात गेले, रोप मुळासकट काढलं आणि पोटाशी धरून गल्लीतून परत आले. मास्तर मागून समजावत येत होते. आबा वळले आणि एवढंच म्हणाले, "नांदवायची नव्हती तर सांगायचं होतं, मास्तर." पुढे कितीतरी दिवस ते मास्तरांच्या दारावरून मान फिरवून जात.

या सगळ्यात एक नियम आबा जुन्या रीतीप्रमाणे पाळत. लेक दिली त्या घरी, तिला मूल होईपर्यंत, बाप पाणी पीत नाही. आबाही पीत नसत. पाणी नाही म्हणजे चहाही नाही, आणि आबा तर चहाचे भोक्ते. वांग्याला पहिलं वांगं, मिरचीला पहिली मिरची लागली की नातू झाला, मग आबा बाळंतविडा म्हणून कुजलेल्या शेणखताची पाटी डोक्यावर घेऊन जात आणि त्या घरी दोन कप चहा घेत. झेंडू ज्यांच्याकडे गेला त्यांच्याकडे मात्र पंचाईत. फुलांना आबा नातवंड मानायला तयार नसत. ती घरं त्यांना जन्माची बंद. भाद्रपदानंतर आमच्याकडे ऊन कसं तापतं ते खानदेशातल्या माणसाला सांगायला नको. एकदा अशा उन्हात बाजारातून येताना आबांना मास्तरांच्याच ओट्यावर भोवळ आली. मास्तरांनी मागचं सगळं विसरून गडवा पुढे केला. रोप परत आणलं तरी सोयरीक मोडलेली नव्हती, म्हणून आबांनी दात घट्ट मिटले, भिंत धरत धरत आमच्या घरी आले, तांब्याभर पाणी घटाघटा प्याले, मिशा पुसल्या आणि म्हणाले, "आते जीवमा जीव उना."

आमच्या घरी ते पाणी पीत, कारण आमच्या घरी त्यांनी रोप दिलेलं नव्हतं. साऱ्या गल्लीत आमचं एकच घर तसं होतं.

मी मुळात स्वतःला अपराधी समजणारा माणूस. कचेरीत कुणाचं दप्तर हरवलं, की त्याच्याशी माझा संबंध नसला तरी मी माझं कपाट उघडून बसतो. आम्ही देवपुरात राहायला आलो त्या उन्हाळ्यात आमची तुळस वाळली होती. तेव्हापासून आबा आले आणि त्यांची नजर वृंदावनाकडे गेली की माझी मान खाली जाई. पहिल्या पावसाळ्यात वाटलं, राहून गेलं असेल. दुसऱ्या पावसाळ्यात मीच एक रोप मागितलं, तर ते आभाळाकडे बघून, यंदा पाऊस बरा दिसतो, असं म्हणाले. बायकोने तर परसात आधीच आळं करून ठेवलं होतं. रोज सकाळी ती त्यातलं गवत काढायची. लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि आमच्या घरी पाळणा हलला नव्हता. त्यावर आम्ही दोघं बोलत नसू. पण आबांनी रोपाचं टाळलं त्या दिवशी आळ्यापाशी बसून ती म्हणाली, "आपल्या घरात काही जगायचं नाही, असं वाटत असेल त्यांना."

मलाही तसंच वाटत होतं, फक्त त्यात दोष माझा एकट्याचा होता. आबा दिवसातून दोनदा येत, चहा घेत, बायकोला माय म्हणत, तिच्या हातच्या चहाची तारीफ करत. ती हसून कप पुढे करायची आणि ते गेल्यावर आळ्याकडे बघत राहायची. मला त्यांचा राग येई, आणि म्हाताऱ्या माणसाचा राग आला म्हणून पुन्हा अपराधी वाटे.

आणे जाऊन नवे पैसे सुरू झाले त्या वर्षी श्रावणात माझी बदली जळगावला झाली. निघायच्या सकाळी सामान दारात बांधून ठेवलेलं असताना आबा नेहमीच्या वेळेला आले आणि नेहमीच्या जागी बसले. बायको दोरी बांधत होती. ती थांबली आणि मान वर न करता तिने विचारलं, "आबा, आम्हाला एकसुद्धा रोप का नाही दिलं?"

आपल्याला हे कुणी विचारील असं आबांच्या मनातही आलं नव्हतं.

"बठ्ठी गल्ली याहीसनी हुई गई, माय," ते म्हणाले. सारी गल्ली व्याह्यांची होऊन बसली होती. "मी पानी कोठे पेऊ? एक घर तर मन्हं राहू दे."

बायकोने पदर तोंडाला लावला. ती हसत होती की रडत होती ते मला आजही सांगता येत नाही. आबांनी पाणी मागितलं. भांडी बांधलेली होती, तिने गाठोडं सोडून तांब्या काढला. आबा तो सावकाश, थेंब न ठेवता प्याले, तांब्या उपडा करून दाखवला आणि उठून गेले. परत आले ते हातात डबा घेऊन. ओलं फडकं, हळदकुंकू आणि भरताच्या वांग्याचं जाडजूड खोडाचं रोप. ते बायकोच्या हातात देताना त्यांनी ऊन, पाणी, शेळी, काहीच विचारलं नाही. "आते तुन्हा घरनं पानी माले बंद," एवढं म्हणाले आणि आमची सामानाची मोटार हलेपर्यंत रस्त्यात उभे राहिले.

जळगावच्या परसात ते रोप बायकोने जपलं. मी कचेरीतून आलो की कपडे न बदलता आधी तिथे जाऊन बघत असे. थंडीच्या सुरुवातीला पानांआड सुपारीएवढं हिरवं वांगं दिसलं. धुळ्याला जाणाऱ्या एकाच्या हाती निरोप धाडला, आणि आठवडाभरात आबा हजर. डोक्यावर शेणखताची पाटी. या पाटीवरून मोटारीत कंडक्टरशी पारोळ्यापर्यंत भांडण चाललं होतं म्हणे. वाकून त्यांनी वांगं बघितलं, बोट लावलं नाही. मग ओट्यावर बसून माझ्या बायकोला हाक मारली आणि पाणी मागितलं. तांब्या रिकामा झाल्यावर चहा, मग पुन्हा पाणी. त्या दिवसासारखं पाणी पिणारा माणूस मी पाहिला नाही.

आता आबांना प्रवास झेपत नाही. त्या वांग्याचं बी आम्ही दरवर्षी धरतो. यंदा दाटी झालेली रोपं उपटताना बायकोचा हात थांबला, आणि समोरच्या नव्या बिऱ्हाडात ती तासभर मोरीच्या पाण्याची चौकशी करून आली. परवा ओल्या फडक्यातला एक डबा तिकडे गेला. काल दुपारी मी उन्हातून चालत येत होतो. समोरच्या बाईंनी ओट्यावरून विचारलं, "भाऊ, पाणी घेता का?" घशाला कोरड पडली होती. मी नको म्हणालो आणि टोपी सारखी करून घराकडे वळलो.