आकडा साठच्या वर

काकूंचा सगळा जन्म वाफेत गेला. इस्पितळाच्या धुलाईखान्यात त्यांनी एकतीस वर्षं चादरींना इस्त्री केली, म्हणून गल्लीत त्या इस्त्रीकाकू. निवृत्त झाल्यावर हात कोरडे व्हायला दोन वर्षं लागली, असं त्या सांगत. अशा बाईवर म्हातारपणी घरात वाफ करायची बंदी यावी, याला काय म्हणावं?

बंदी घातली ती पोटच्या मुलाने, आणि तीही प्रेमापोटी. दुष्टाव्याने घातली असती तर निदान भांडता आलं असतं. नवरा गेल्यापासून काकू एकट्या राहत आणि मुलगा नोकरीच्या निमित्ताने लांबच्या शहरात. गार फरशीने गुडघे धरतात, असं एकदा त्या फोनवर सहज बोलून गेल्या. झालं. महिन्याभरात दोन्ही खोल्यांत लाकडी जमीन करायचं काम मिस्त्रींना दिलं गेलं. फळ्या आल्या त्या बारा दिवस बाहेरच्या खोलीत नुसत्या रचून ठेवल्या. "लाकडाला घरची हवा मानवू द्यायची, काकू," मिस्त्री म्हणाले, "घाई केली तर मागाहून फुगतं." काकू बारा दिवस त्या ढिगाला वळसा घालून स्वयंपाकघरात जात राहिल्या.

खरी कोंडी जमीन बसल्यावर सुरू झाली. दमट दिवसांत लाकूड हवेतलं पाणी पितं, म्हणून खिडक्या बंद. ओले कपडे घरात वाळत घालायचे नाहीत. जमीन ओल्या फडक्याने पुसायची नाही. काही शिजत असलं की स्वयंपाकघराचं दार लावायचं आणि आत घामाघूम होत उभं राहायचं. कोपऱ्यात हवेतली ओल ओढून घेणारं मशीन होतं. त्याची बादली सहा तासांत भरे, आणि भरली की मशीन बंद पडे. त्यामुळे काकूंनी कुठेही जायचं तर सहा तासांत परत. धाकट्या बहिणीकडे चार दिवस राहायला जायचं होतं, ते तसंच राहिलं. रोगापेक्षा औषध भारी म्हणतात ते हेच.

वर पहारेकरी होताच. दाराजवळच्या तिपाईवर ओल मोजणारं चिमुकलं यंत्र. त्यावरचा आकडा पन्नासच्या आसपास हवा. साठच्या वर गेला की तिकडे मुलाच्या मोबाइलवर घंटी वाजायची, आणि पाचव्या मिनिटाला इकडे घरचा फोन. काकूंना मोबाइल घेऊन दिला होता, पण त्याच्याशी त्यांचं कधी जमलं नाही. तो कपाटात पडून असे. भिंतीवरचा वायरचा फोन मात्र त्यांच्या सवयीचा.

"आई, खिडकी उघडलीस का?"

"अरे, जरा वारा यावा म्हणून..."

"त्रेसष्ट झालंय. लाव आधी."

तोंड दाबून बुक्क्यांचा मार. काकू खिडकी लावून परत यायच्या, तोवर मुलगा फोनवर थांबलेला असे. आणि थांबलाच आहे तर मग गुडघा कसा आहे, जेवलीस का, काय केलं होतंस, असं दहा मिनिटं बोलणं व्हायचं. एरवी त्याचा फोन महिन्यातून एखाददा. काकूंनी आपणहून केला तर तो नेहमी विचारी, "काही काम होतं का, आई?" त्यात वाईट काही नव्हतं. पण काम काहीच नसे, आणि काकूंना चोरी पकडल्यासारखं व्हायचं. मग त्या फोन ठेवून देत.

एकतीस वर्षं वाफ हाताळलेली बाई. आकडा कशाने चढतो हे तिला कुणी शिकवायला नको होतं. एका संध्याकाळी, मुलाची कचेरी सुटायच्या वेळी, त्यांनी विजेची किटली भरून तिपाईवर यंत्राच्या शेजारी ठेवली आणि बटण दाबलं. एकोणसत्तर. पाचव्या मिनिटाला फोन.

"कुणास ठाऊक रे कुठून येते ओल," काकू म्हणाल्या, आणि त्या दिवशी अठरा मिनिटं बोलणं झालं.

मग ते रोजचंच झालं. पोटच्या पोराला असं फसवायची त्यांना लाज वाटायची. लाजत लाजतच त्या किटली भरायच्या. फोन यायच्या आधी केसही विंचरून घ्यायच्या, जसा काही तो फोनातून दिसणार होता.

दीड महिन्याने मुलाने मिस्त्रींना पाठवलं. मिस्त्रींनी खोलीभर फळ्यांत ओलमापकाच्या सुया टोचून पाहिल्या. सगळीकडे ठीक, तिपाईखालच्या चार फळ्यांच्या कडा तेवढ्या वर आल्या होत्या.

"काकू, इथे पाणी सांडतं का?"

काकूंनी ताकास तूर लागू दिली नाही. मिस्त्रींनी तिपाईवर चहाच्या निमित्ताने उकळत ठेवलेली किटली पाहिली, मग घड्याळाकडे पाहिलं. सात वाजत आले होते. फोन वाजला, आणि तो घ्यायला काकू गुडघा विसरून कशा उठल्या, तेही त्यांनी पाहिलं. बोलणं संपेपर्यंत ते हत्यारं पुसत बसले.

"दादांनी नवं मशीन पाठवलंय," ते हळूच म्हणाले. "आपोआप चालतं. पाणी नळीने थेट मोरीत जातं. आकडा चढायच्या आत खाली आणतं. बसवू, की भिंतीला भोक पाडता येत नाही म्हणून सांगू?"

आपलं पितळ उघडं पडलं याचं काकूंना इतकं वाटलं नाही. परका माणूस आपल्यासाठी खोटं बोलायला तयार झाला, याचं वाटलं.

"बसवा," त्या म्हणाल्या. "त्याने हौसेने पाठवलंय."

मशीन बसलं. मुलाचा फोन आला. "सुटलीस, आई. आता बादली नाही, काही नाही. कुठेही जा. मीही उगाच फोन करून तुला त्रास देणार नाही."

"हो रे, सुटले," काकू म्हणाल्या.

दुसऱ्या संध्याकाळी त्यांनी किटली दोनदा उकळली. मशीन घरघरलं, आकडा अठ्ठावन्नवर जाऊन माघारी फिरला. फोन आला नाही. तिसऱ्या दिवशी नाही, आठव्या दिवशीही नाही. नवव्या दिवशी काकूंनीच फिरवला.

"काय झालं, आई? आकडा तर बरोबर दिसतोय."

"बरोबरच आहे," काकू म्हणाल्या. "म्हणून तर मला करावा लागला."

पलीकडून त्याचा आवाज आला, दबका, "मीटिंगमध्ये आहे गं. संपली की करतो. नक्की."

काकूंनी खुर्ची फोनखाली ओढली. बहिणीने चार दिवसांसाठी बोलावलं होतं, पिशवी भरून तयार होती, गाडीलाही अजून तासभर होता. पण आपण निघालो आणि तेवढ्यात फोन वाजला तर? त्या बसून राहिल्या.