चाकाचे तुकडे

चाकाचे तुकडे टोपलीत मी मिसळले. हे आजवर कोणालाच, घरातसुद्धा, सांगितलेलं नाही.

दुसऱ्या महायुद्धाची लढाई संपली होती. वर्षानुवर्षं उतारू नेऊन थकलेलं एक विमान मोडीत निघालं आणि कापलेल्या अवस्थेत, रेल्वेच्या उघड्या डब्यांतून जळगावला आलं. ते वितळवून आमच्या कारखान्यात पातेली ओतायची होती. विमानाचं धड अंगणात उतरवल्यावर मी आत शिरलो. खुर्च्या काढलेल्या. एका खिडकीच्या काचेवर कोणाच्या तरी कपाळाचा तेलकट डाग. इथे डोकं टेकून तो माणूस ढग खालून जाताना बघत होता. मी त्या डागाला हात लावला नाही.

मुख्य कारागीर म्हणजे माझे थोरले चुलतभाऊ, नाना. जुनी बैलगाडी मोडण्याआधी कण्याला हळदकुंकू लावतात, तसं त्यांनी विमानाच्या नाकाला लावलं. शेजारचा लोहार हसला, "नाना, रेलमा बसाले घाबरतस, आन् इमान तोडाले निंघनात?"

"म्हनीसनच हात जोडी राह्यनू."

नानांचा हात म्हणजे तराजू. तुकडा उचलला की धातू सांगत. चाक उचलून ते मला म्हणाले, "हाई बाजूले ठेव. याना भार येगळा शे."

मला ते फाजील शहाणपण वाटलं. पांढरं ते सगळं ॲल्युमिनियमच, असं मी धरून चाललो होतो. ते जेवायला गेल्यावर मी चाक फोडलं आणि तुकडे ॲल्युमिनियमच्या टोपलीत मिसळले. दुपारी नानांनी ती टोपली मुशीत ओतली.

जे उठलं त्याला आग म्हणवत नाही. भर उन्हात आमच्या सावल्या भिंतीवर काळ्याकुट्ट पडल्या. इतका शुभ्र उजेड मी पुन्हा पाहिला नाही. खरं सांगतो, आधी भीती वाटलीच नाही, नुसता बघत राहिलो. मग तापलं की पाणी, या आमच्या सवयीने मी बादली ओतली. उजेड फुटला. नाना मुशीवर वाकलेले होते.

त्यांचे डोळे गेले. चाक मॅग्नेशियमचं होतं आणि पेटलेल्या मॅग्नेशियमवर पाणी पडलं की त्याचा भडका उडतो, हे मला नंतर कळलं. लोक विचारत, तेव्हा ते म्हणत, "मन्हा हात चुकना." मी शेजारीच उभा असे. आज कोणी भांडं पारखायला आणलं, तर ते हात मागे घेतात.

नानांचा हात चुकला नव्हता. हे त्यांना सांगणं माझ्याकडे अजून बाकी आहे.