पुठ्ठ्यावरचे काळे कण

सलग पाच रात्री मला धड झोप लागली नाही, आणि त्या पाचही रात्री मी एकाच गोष्टीचा विचार करत होते. आमच्या गाडीच्या पुढच्या उजव्या चाकाचा! नवऱ्याचा नाही, पोरीच्या अभ्यासाचा नाही, चाकाचा. हसा, हसा. शेवटी हसणारच आहात, मग आत्तापासूनच सुरुवात केलीत तरी माझी हरकत नाही.

तर मी पोलादपूरच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. हे आधीच कबूल केलेलं बरं.

राहतो आम्ही महाडला. आम्ही म्हणजे मी, माझी पहिलीतली मुलगी रेवा आणि सासूबाई. सागर, माझा नवरा, ठाण्याला नोकरी करतो आणि पंधरा दिवसांतून एकदा घरी येतो. गेल्या वर्षी त्याने एक जुनी पांढरी गाडी आणली आणि मला म्हणाला, "शीक." मी शिकले. महाड ते पोलादपूर, सरळ हायवे, चाळीसचा वेग, रेवा मागे पट्टा लावून. एवढीच माझी मजल.

पण माणसाला मध्येच अवसान येतं ना, तसं मला आलं. सासूबाईंच्या भाचीचं लग्न महाबळेश्वरला होतं, रविवारी. सागरला सुट्टी नव्हती. तो फोनवर म्हणाला, "मी तुम्हाला जीप ठरवून देतो." आणि मी तोंडात घास असतानाच बोलून गेले, "जीप कशाला? मी नेते की."

सासूबाईंचा हात ताटातच थांबला. "आंबेनळीनं?"

"मग काय विमानाने?"

झालं! शब्द गेला. आंबेनळी घाट तुम्ही पाहिला असेल तर पुढचं सांगायला नको. नसेल पाहिला तर एवढंच सांगते, तिथे एका बाजूला डोंगर असतो आणि दुसऱ्या बाजूला काहीच नसतं.

लग्नाला सहा दिवस उरले असताना, सोमवारी शाळेतून परत येताना, एका वळणावर समोर लाल दिवा लागला. गोल, आत उद्गारचिन्ह. सरळ रस्त्याला लागले की विझायचा, वळण आलं की पुन्हा हजर. तो ब्रेकचा दिवा असतो एवढं मला माहीत होतं. ब्रेकच्या दिव्यात उद्गारचिन्ह काढणाऱ्या माणसाला एकदा भेटायचंय मला. साधा पूर्णविराम चालला नसता का? घरी पोचेपर्यंत माझा पदर घामाने भिजला होता.

सागरला फोन केला. तो म्हणाला, "हॅन्डब्रेक पूर्ण खाली होता ना?"

"मी काय वेडी आहे का?"

"तसं नाही गं…" म्हणाला आणि गप्प बसला. लग्नाला आठ वर्षं झाली, गप्प कधी बसायचं ते त्याला कळतं.

मग पोलादपूरच्या यशवंतदादांना फोन लावला. ते गाड्या दुरुस्त करतात, आणि त्यांची मुलगी माझ्याच वर्गात आहे, म्हणून मला 'बाई' म्हणतात.

"बाई, फोनवर ब्रेक दिसत नाय," ते म्हणाले. "ऑइल कुठं गळतंय का ते बघा आधी. रात्री गाडीखाली पुठ्ठा टाकून ठेवा. सुका राहिला तर हळूहळू घेऊन या. ओला झाला तर गाडी हलवू नका. मी शनवारी येतो."

मी मिक्सरच्या खोक्याचे तुकडे केले आणि रात्री एक पुठ्ठा पुढच्या चाकांखाली सरकवला. सकाळी डबे भरून, आंघोळ उरकून सात वाजता बाहेर आले आणि वाकून पाहिलं.

पुठ्ठा ओला! बरोबर उजव्या चाकाशी.

आता इथे माझ्यातली विज्ञान शिक्षिका जागी झाली. बोट लावलं. बुळबुळीत. इंटरनेटवर वाचलं, ब्रेक ऑइल जवळजवळ रंगहीन आणि बुळबुळीत असतं. बरोबर! वास घेतला. वास जरा गोडसर, ओळखीचा, अगदी घरचा वाटला. पण शोध घेणाऱ्याने भावनेच्या आहारी जायचं नसतं. मग दिसले बारीक बारीक काळे कण. पुन्हा वाचलं. रबरी सील झिजलं की त्याचे काळे तुकडे पडू शकतात. बरोबर! संध्याकाळी पुठ्ठा सुकला तेव्हा त्यावर पांढरा थर दिसला. क्षार! म्हणजे आत धातूही गंजतोय. सगळं जुळत होतं. इतकं जुळत होतं की मला भीती वाटायच्या ऐवजी थोडा अभिमानच वाटला.

मंगळवारपासून रेवा आणि मी एस.टी.ने जाऊ लागलो. रोज रात्री नवा पुठ्ठा, रोज सकाळी ओला. प्रत्येकावर वार लिहून मी पडवीत ओळीने मांडून ठेवले. बुधवारी रात्री मला जेवण गेलं नाही. गुरुवारी डाग दुप्पट झाला.

"वाढतंय!" मी सागरला फोनवर सांगितलं. "दुप्पट झालंय!"

"मग मी जीप ठरवू का?"

"थांब. शनिवारी कळेल."

शनिवारी यशवंतदादा मोटारसायकलवरून आले. पडवीत कुरडया वाळत घातल्यासारखे पाच पुठ्ठे पाहून त्यांनी डोक्यावरची टोपी मागे सरकवली. मी एकेक पुठ्ठा उचलून, डाग कसा वाढत गेला ते त्यांना वर्गात शिकवावं तसं समजावलं. ते शहाण्या विद्यार्थ्यासारखे ऐकत राहिले. मग बोनेट उघडून आत वाकले.

"ऑइल कमी हाय," ते म्हणाले.

"बघा! मी म्हटलं होतं!"

"पण एवढंसंच कमी हाय, बाई. तुमच्या या पुठ्ठ्यांवर जेवढं सांडलंय, तेवढं तर ऑइलच्या या डबीत मावत पण नाय."

चाकं काढून आतून तपासली. चारही कोरडी ठणठणीत. मग त्यांनी गुरुवारचा पुठ्ठा हातात घेतला, नाकाशी नेला, माझ्याकडे पाहिलं. नखाने एक काळा कण उचलला, जिभेवर ठेवला आणि दाताखाली धरला.

"अहो दादा, ते विषारी असतं!"

कट्. आवाज मलाही आला.

"बाई," ते शांतपणे म्हणाले, "ही मोहरी हाय."

मी पुठ्ठा ओढून घेतला आणि पुन्हा नाकाशी नेला. 

"आणि हे खोबरेल. पांढरं ते मीठ असंल. ब्रेकमधून फोडणीचं सामान गळताना मी तरी पह्यल्यांदाच बघतोय."

तेवढ्यात सासूबाई चहाचा कप घेऊन बाहेर आल्या. "काय झालं रे यशवंता? लई बिघाड हाय का?"

"आई," मी विचारलं, "तुम्ही गाडीवर काही ओतता का?"

"ओतत कशाला? दृष्ट काढते," त्या म्हणाल्या, जसं काही मी विचारलं होतं की तुम्ही रोज दात घासता का. "सोमवारी तू कशी पांढरीफटक होऊन आलीस! लोकांचे डोळे काय कमी हायत? बाय गाडी चालवते म्हणून बघत ऱ्हातात. सकाळी रेवाच्या डोक्याला तेल लावून झालं की त्याच वाटीत मीठ, मोहरी, पाणी घालते, गाडीवरून उतरवते आणि चाकावर टाकते."

"मी वाटी धरते," रेवा म्हणाली.

"तुला माहीत होतं? मग सांगितलं का नाहीस मला?"

"तू वास घेत होतीस ना."

"अहो पण आई, खाली पुठ्ठा दिसत नव्हता का तुम्हाला?"

"दिसला की. मला वाटलं, माझ्या पाण्यानं अंगणात चिखल नको म्हणून घालतेस. मी म्हटलं, शिकलेली असून समजूतदार हाय पोर. बोलत नाय, पण मानते."

यशवंतदादा बोनेटच्या आड तोंड लपवून काहीतरी तपासू लागले. त्यांचे खांदे हलत होते.

"आणि गुरुवारी दुप्पट?" मी शेवटचा धागा धरून विचारलं.

"बुधवारी तू जेवली नायस. म्हणून दोन वाट्या."

यावर मी हसले नाही, तुम्हीही हसू नका. मी गाडीकडे पाहून काळजी करत होते, आणि त्या माझ्याकडे पाहून. मी घाबरले की त्या वाटी ओतायच्या, वाटी ओतली की मी घाबरायचे. पाच दिवस एका घरात दोन बायका एकमेकींना न विचारता एकाच चाकापायी झुरत होत्या. आणि मी मुलांना शिकवते, आधी निरीक्षण करा, अनुमान नंतर.

"बाई, दिवा मात्र खरं बोलत होता हां," यशवंतदादा म्हणाले. "ब्रेकचे पॅड पार झिजलेत. पॅड झिजले की ऑइल खाली खाली बसत जातं. गळत नाय, पण डबीतलं कमी दिसतं. वळणावर हलतं आणि दिवा लागतो. वरून नुसतं ऑइल ओतून दिवा विझवला असता, आणि अशीच घाटात नेली असती…" ते तिथेच थांबले, आणि थांबले ते बरं केलं.

दुपारी त्यांनी नवे पॅड आणून बसवले, ऑइल बदललं, माझ्याकडून अंगणाबाहेर चार चकरा मारून घेतल्या. दिवा विझला तो विझलाच. "चढताना काय, इंजिन हाय. उतरताना दुसऱ्या गिअरात उतरा. ब्रेकवर पाय ठेवून बसू नका, तापतो."

ते गेले. सासूबाईंनी विचारलं, "मग उद्या?"

आणि तेव्हा मला एक गोष्ट कळली, ती मी सागरलाही अजून सांगितलेली नाही. मला ती गळती हवी होती! गाडी नादुरुस्त असली असती तर कोणी मला भित्री म्हटलं नसतं. जीप आली असती, मी मागे बसून वर "हात् रे, गाडीने दगा दिला, नाहीतर नेलंच असतं" असं म्हटलं असतं. काळे कण दिसले तेव्हा जो अभिमान वाटला, तो शोधाचा नव्हता हो. सुटकेचा होता. आता गाडी ठीक होती. नादुरुस्त फक्त मी उरले होते.

"उद्या सहाला निघू," मी म्हटलं. आवाज माझाच होता, पण जरा लांबून आल्यासारखा.

गेलो. चढताना खरंच काही वाटलं नाही. लग्न लागलं, जेवलो, सासूबाईंनी सगळ्या नातेवाइकांना "सुनेनं आणली" असं निदान वीसदा सांगितलं. आणि दुपारी मी घाट उतरायला लागले. दुसरा गिअर. हात स्टेअरिंगला चिकटलेले. सासूबाई शेजारी डोळे मिटून पुटपुटत होत्या, मी डोळे उघडे ठेवून पुटपुटत होते. वळणामागून वळण. ब्रेक दाबला की गाडी ऐकत होती. ऐकते, चक्क ऐकते! अर्धा घाट उतरल्यावर माझे खांदे जरा खाली आले. अजून थोडं उतरल्यावर मला वाटलं, जमतंय की! किती सफाईने चालवतेय मी! सागरने पाहायला हवं होतं.

मागे हॉर्न वाजत होते, पण घाटात हॉर्न वाजतातच, नाही का? मी लक्षही दिलं नाही.

रेवा मात्र मघापासून मागच्या काचेकडे मान वळवून कोणाला तरी हात करत होती. म्हणून मी आरशात पाहिलं. आमच्या मागे एक एस.टी. होती. तिच्यामागे स्ट्रॉबेरीचा टेम्पो, त्यामागे पर्यटकांच्या गाड्या, आणि वरच्या दोन वळणांपर्यंत सगळ्या एकामागे एक, माझ्या वेगाने.

रेवा पुढे वळली आणि काळजीने म्हणाली, "आई, एवढे सगळे आपल्याच घरी जेवायला येणारेत का?"