नो कुआहो
आज दूध उतू गेलं आणि त्या करपट वासाबरोबर कॅनडातल्या वॉनमधलं केटरिंगचं किचन आठवलं. मेक्सिकोहून आलेली एक साठीची बाई तिथे गोडाचे पदार्थ करायची आणि मी तिच्या हाताखाली होते. तिसऱ्या महिन्यात माझं मूल पोटातच गेलं, त्यानंतर आठवड्याभरात मी कामावर परतले होते. किचनमध्ये कुणालाच माहीत नव्हतं. आईने फोनवर एवढंच विचारलं होतं, "काही जड उचललंस का गं?" त्या सकाळी त्या बाईने दूध-अंड्याचा, आपल्या खरवसासारखा दिसणारा फ्लान हलवून पाहिला आणि म्हणाली, "कुआहो." म्हणजे छान घट्ट झाला. मग मोडक्या इंग्लिशमध्ये ती सांगतच सुटली. दही लागलं तरी कुआहो, ठरवलेलं काम जमलं तरी कुआहो, नातू गाढ झोपला की तोसुद्धा कुआहो. खिडकीबाहेर बर्फ पडून लगेच वितळत होता. तिकडे बोट दाखवून ती म्हणाली, "नो कुआहो." मी ट्रे पुसता पुसता विचारलं, "आणि पोटातलं मूल राहिलं नाही तर?" तिने गॅस बंद केला. "तेव्हाही हेच म्हणतो आम्ही. कुणी काही केलेलं नसतं." माझ्या हातातलं फडकं काढून घेऊन तिने स्टूल पुढे ओढलं. मी बसले. रडू आलं नाही. संध्याकाळी न्यायला आलेल्या नवऱ्याला गाडीत तो शब्द सांगितला. किल्लीवरचा हात काढून घेत तो म्हणाला, "परत सांग." या गोष्टीला बरीच वर्षं झाली, पण त्या मुलाबद्दल आम्ही दोघं अजून तोच शब्द वापरतो, मराठीत कधी बोललेलो नाही.