पांगाऱ्याची फळी

मध्यवर्ती बसस्थानकावर कोल्हापूरची गाडी लागली होती. माय खिडकीतून दशम्यांचं फडकं आत सरकवत होती आणि नाना खाली उभे राहून माझ्या शेजारी बसलेल्या म्हातारबाबांच्या हातात पत्रक देत होते. ते लेकीला नोकरीवर धाडायला आलेत की मोर्चाची तयारी करायला, हे बघणाऱ्याला कळलं नसतं. पत्रकावर ठळक छापलं होतं, 'पाणी कुणाच्या बापाचं नाही'. म्हातारबाबांनी ते वाचलं, घडी केली आणि टोपीत ठेवलं. गाडी हलली तसे नाना खिडकीपाशी आले. "बदलीचे अर्ज सुटले की पहिला अर्ज तुझा. कळलं का? गेलीस तशी ये." माय म्हणाली, "अन् समुद्राच्या जवळ जाऊ नको गं बाई."

दोघांचंही ऐकलं नाही. का ऐकलं नाही, ते सांगायला बसले आहे. मराठवाड्यात, करमाडला आणि उस्मानपुऱ्यात, मागं राहिलात त्या तुम्हाला सांगते आहे, आणि माझ्यासारख्याच मास्तरकीच्या ऑर्डरी घेऊन घाट उतरून कोकणात आलात त्या तुम्हालाही.

आमच्या घराला पत्रकांचं व्यसन आहे. आजोबांनी निजामाच्या राजवटीत ती भाकरीच्या फडक्यात लपवून गावोगाव नेली. पोलीस ॲक्शननंतर लपवायची गरज उरली नाही, सवय मात्र राहिली. नाना शेंद्र्याच्या कारखान्यात पाळ्या करायचे आणि सुट्टीच्या दिवशी पाण्याच्या मागण्या लिहायचे. मी गणितं सोडवली ती वाटायच्या राहिलेल्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर. आकडेमोड चुकली की पान उलटायचं, तर मागं लिहिलेलं असायचं, 'जागे व्हा!'

कोकणात मालवणच्या पुढं, समुद्राला लागून असलेल्या एका गावात मला शाळा मिळाली. सुलभाकाकींच्या घरात खोली मिळाली. काकी एकट्या, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, जिभेला धार. मी ट्रंक खाली ठेवायच्या आतच म्हणाल्या, "तू पण जातलंस गो. तुमच्याकडचे सगळे बदली घेऊन जातत." त्या टोचून बोलत नव्हत्या, हवामान सांगावं तसं सांगत होत्या. शाळेतही तसंच होतं. आम्हा मराठवाड्याच्या शिक्षकांशी सगळे नीट बोलायचे, चहा द्यायचे, पण आंब्याचं कलम लावताना कुणी आम्हाला बोलावलं नाही. जो जाणारच आहे त्याला कलम कशाला दाखवायचं?

पाण्याचीही गंमतच होती. करमाडला मी परातीत बसून अंघोळ करायचे, म्हणजे साचलेलं पाणी लिंबाच्या झाडाला घालता यायचं. इथंही तांब्या अर्धाच भरायचे. काकी न्हाणीच्या दाराबाहेरून हसायच्या, "पाणी काय तोळ्यान मोजतंस?" मला ते हसू आवडायचं नाही. पाण्यावर हसणारी माणसं मी आधी पाहिली नव्हती.

समुद्रावर मी रोज जायचे, पण लांब उभी राहून. एका रविवारी पलीकडच्या किनाऱ्यावर सर्फिंग शिकवतात असं कळलं आणि मी गेले. शिकवणारा मन्या तिथलाच, चोवीस तास काळा चष्मा. त्यानं मला मोठ्या फळीवर पालथं झोपवलं, लाट आली तसं मागून ढकललं आणि ओरडायला लागला, "उठा मॅडम, उठा!" मी गुडघ्यांवर आले आणि तिथंच थांबले. फळी मला घेऊन थेट वाळूपर्यंत गेली. इतक्या वेगानं पाण्यानं मला कधी कुठं नेलं नव्हतं. मी परत गेले, परत गुडघ्यांवरच आले. परत मन्याची आरडाओरड. शेवटी तो म्हणाला, "मॅडम, गुडघ्यावर याला सर्फिंग म्हणत नाहीत. असं लहान मुलं करतात."

हे वाक्य त्यानं माझ्यासमोर बोलायला नको होतं. कशाला काय म्हणायचं, हे दुसऱ्यानं ठरवलं की आमच्या घरात पत्रक निघतं. घरी येऊन मोबाईलवर शोधलं. गुडघ्यांवर बसून चालवायची फळी वेगळी असते, नीबोर्ड म्हणतात तिला. आखूड, रुंद, पुढून उचललेली. जगभर लोक ती चालवतात, आणि ती लहान मुलं नाहीत. मन्याकडं ती नव्हती, आसपास कुणाकडंच नव्हती. मग मी ठरवलं की करायची.

हातात रंधा कधी धरला नव्हता. पण लाकूड कोणतं हे मला विचारावं लागलं नाही. करमाडच्या विहिरीत आम्ही सगळी पोरं पांगाऱ्याच्या वाळक्या ओंडक्यावर पोहायला शिकलो. ओंडका दोरीनं कमरेला बांधायचा आणि नानांनी वरून ढकलून द्यायचं. पांगारा बुडत नाही, हे आम्हाला पाढ्यांच्या आधी पाठ होतं. काकींच्या कुंपणात पांगारे होते, मिरीचे वेल चढवायला लावलेले. त्यातला एक गेल्या वादळात पडून वाळला होता. तो मी मागितला. "चुलीक पण चलना नाय तो," काकी म्हणाल्या, "व्हर गो." म्हणजे घेऊन जा. लाकूड कापायच्या गिरणीतून त्याच्या जाड फळ्या करून आणल्या, पाण्यात न सुटणाऱ्या गोंदानं एकाला एक चिकटवल्या आणि मागच्या अंगणात कामाला लागले.

शाळा सुटली की रंधा. हाताला फोड, केसांत भुसा. काकी पायरीवर बसून खराट्यासाठी नारळाच्या झापाचे हीर काढायच्या आणि बघायच्या. मी गुडघ्यांसाठी मध्ये दोन खळगे कोरले तेव्हा त्यांना राहवलं नाही. "जेवाक बसाचो पाट करतंस काय गो?"

"बघाच तुम्ही," मी म्हटलं.

फळी मी चांगली वीतभर जाड ठेवली होती. जाड म्हणजे जास्त तरंगणार. पुढचं टोक सपाट ठेवलं, कारण ओंडक्याला कुठं टोक असतं? आणि तिला भोक पाडून दोरी ओवली, आखूड, कमरेला घट्ट बांधायला. हे सगळं मला इतकं बरोबर वाटत होतं की मी कुणाला विचारलंसुद्धा नाही. आमच्याकडं पोहणाऱ्या कुठल्याही माणसाला ते बरोबरच वाटलं असतं.

पहिल्याच लाटेनं हिशेब चुकता केला. सपाट टोक थेट पाण्यात घुसलं, फळी माझ्याखालून उसळून वर गेली, आणि कमरेच्या आखूड दोरीनं तिला इमानेइतबारे माझ्याकडंच परत आणलं. भुवईवर. रक्त डोळ्यात, मीठ जखमेत, आणि वाळूवर मासे निवडणाऱ्या बायका माना वळवून बघतायत. काकींनी हळद दाबली आणि सुनावलं, "दर्या म्हणजे तुमची बाव न्हय!" बाव म्हणजे विहीर.

त्या रागावून बोलल्या होत्या, पण मी सुजलेली भुवई घेऊन त्यावरच विचार करत बसले. खरंच, मी समुद्रासाठी नाही, विहिरीसाठी फळी केली होती. आमचं पाणी उभं असतं. त्याच्याकडं खाली उतरायचं, त्यातून वर यायचं. विहिरीत माणसाला एकच काम, बुडायचं नाही. म्हणून जाडी, म्हणून कमरेची दोरी. इथलं पाणी आडवं चालतं. नुसता न बुडणारा माणूस त्याच्या वाटेत खांबासारखा उभा असतो, आणि लाट खांबाला थोबाडीत मारून पुढं जाते. मला तरंगायचं नव्हतं, तिच्याबरोबर जायचं होतं. जन्मभर आम्ही पाणी टिकवायला शिकलो. पाण्याबरोबर जायचं कसं, हे आम्हाला कुणी शिकवलं नाही, कारण आमच्याकडं पाणी कुठं जातच नाही. आलं तर थांबतं, नाहीतर येत नाही.

लाकूड मात्र चुकलं नव्हतं. तेच मी पुन्हा रंध्याखाली घेतलं. जाडी खालून उतरवत नेली, पुढं पातळ आणि मध्ये जाड, म्हणजे टोक आपोआप वर उचललं गेलं. जाड ठेवल्याचा तेवढा फायदा झाला. वरूनही थोडं रंधून खळग्यांची खोली कमी केली. कडा कानशीनं गोल केल्या, मग पॉलिश पेपर, मग बारीक पॉलिश पेपर. होड्यांना लावतात तसलं फायबरचं कापड रेझीनमध्ये भिजवून वरून चढवलं. मागं खालच्या बाजूला, माशाच्या परांसारखी, सागवानाची दोन पाती बसवली. दोरी लांब घेतली आणि घोट्याला बांधायची ठरवली. काम संपलं तेव्हा फळी माझ्या पोटापर्यंत उंच होती आणि मी ती एका काखेत धरून चालू शकत होते. मन्या मुद्दाम बघायला आला. बोटानं कड तपासली, काळा चष्मा पहिल्यांदा वर केला आणि म्हणाला, "मॅडम, ही तर खरीच फळी दिसतेय."

त्याच आठवड्यात बदलीचे अर्ज सुटले. नानांचा फोन आला. मी भरणार नाही म्हटलं. मग फळीचं सांगितलं, कारण लपवाछपवी आम्हाला येत नाही.

नाना कडाडले. "इथं बाया टँकरमागं पळतात, हंड्यावरून डोकी फुटतात, अन् तू पाण्यावर खेळती? तुला हेच शिकवलं व्हय मी?"

हा घाव भुवईवरच्या घावापेक्षा खोल गेला. कारण प्रश्न खोटा नव्हता. ज्या पाण्यासाठी आपली माणसं रांगेत उभी राहतात, त्याच पाण्यावर मजा करायचा मला अधिकार आहे का? नसेल, तर फळी चुलीत घालून अर्ज भरायला हवा होता. असेल, तर ते नानांच्या तोंडावर सांगायला हवं होतं. मी फोनवर एवढंच म्हटलं, "नाना, येऊन बघा. मग बोला."

शिमग्याच्या सुट्टीत ते आले. पांढरा सदरा, खांद्याला पत्रकांची पिशवी. समुद्र पहिल्यांदाच बघत होते. पायजमा वर घेऊन घोटाभर पाण्यात उभे राहिले आणि माझ्याशी भांडायला वळले. काकी मागून ओरडल्या, "पावण्यांनु, दर्याक पाठ दाखवू नका!" तोवर लाट आली होती. लाठीमारात कधी मागं न सरकलेले माझे वडील धपकन वाळूत बसले, पत्रकांची पिशवी डोक्यावर धरून. काकी इतक्या हसल्या की त्यांना उचकी लागली. नानाही हसले, पण जरा उशिरानं.

मी फळी घेऊन आत गेले. पहिली लाट जाऊ दिली, दुसरी जाऊ दिली. तिसरी आली तेव्हा हातांनी पाणी मागं ओढत राहिले, फळीला मागून धक्का जाणवला आणि गुडघे खळग्यांत बसले. टोक वर राहिलं. फळी घसरली, सरळ, मग मी अंग झुकवलं तशी तिरकी, लाटेच्या कुशीतून. कानात नुसता आवाज. मी ओरडत होते असं काकी नंतर म्हणाल्या.

बाहेर आले तर नाना फळी उलटसुलट करून बघत होते. "पांगारा?"

"पांगाराच."

"खुरपायला बसल्यावाणी दिसती तू वरून," ते म्हणाले.

"तेच गुडघे आहेत, नाना. मायचे, आजीचे. ओळीनं ओळ शेत खुरपत सरकणारे. तुमच्या पत्रकात तुम्ही पाणी पिकाला मागितलं, जनावराला मागितलं, प्यायला मागितलं. ह्या गुडघ्यांना कधी खेळायला मागितलं?"

"आधी प्यायला तर मिळू दे."

"आधी, आधी करत माय म्हातारी झाली."

त्यांनी फळी वाळूवर आडवी ठेवली. मग म्हणाले, "पटलं नाय मला. अर्ज का भरत नाय, ते लेखी दे. तोंडी मी ऐकत नसतो." आमच्या घरातली ही जुनी रीत. मला नवं दप्तर हवं होतं तेव्हाही मागणी कागदावर लिहून स्वयंपाकघराच्या भिंतीला चिकटवावी लागली होती. माय स्वयंपाक करता करता वाचायची आणि नाना त्याखाली उत्तर लिहायचे.

तर नाना, हे लेखी.

करमाडच्या टँकरसाठी हंडा मोर्चा निघेल तेव्हा मी येईन. उन्हाळ्याची सुट्टी त्यासाठीच ठेवली आहे, आणि पुढच्या रांगेत असेन. तो लढा माझा आहे, तो मी सोडलेला नाही. पण माणसाला पाणी जगण्यापुरतंच द्यावं, हे मला मान्य नाही. तहान भागल्यावर माणूस काय करतो, हेही मागणीत यायला हवं. माझ्या शाळेतल्या मुली समुद्राच्या काठी जन्मल्या आणि त्यांतल्या कितीतरी जणी गुडघ्यापलीकडं पाण्यात गेलेल्या नाहीत. पोरगे जातात, मुली काठावर मासे निवडतात. दुष्काळ इथंही आहे, फक्त तो पाण्याचा नाही. मी गेले की त्यांना 'उठा' म्हणणारे राहतील, 'बस, असंच जमतं' म्हणणारं कुणी राहणार नाही. म्हणून अर्ज नाही.

घर म्हणजे काय, याचं माझं उत्तर आता बदललं आहे. पूर्वी मला वाटायचं, आपण जिथून निघालो ते घर. आता वाटतं, परक्या ठिकाणी माणूस विनंती करतो आणि आपल्या ठिकाणी मागणी करतो. काल सकाळी मी काकींना सांगितलं, मागच्या पडवीतली जळाऊ लाकडं हलवा, मला मुलींना फळ्या करायला तिथं जागा हवी आहे. काकी भडकल्या. पडवी तुझ्या बापाची काय, म्हणाल्या. पावसात लाकडं तुझ्या डोक्यावर ठेवू काय, म्हणाल्या. मीही चढ्या आवाजात बोलले. शेजारच्या दोघी कुंपणापाशी येऊन उभ्या राहिल्या. दुपारपर्यंत आम्ही भांडत होतो, आणि शेवटी काकींनी अर्धी पडवी देते म्हणून दरवाजा आपटला.

पाहुणीशी कुणी इतकं भांडत नाही.