सासूबाईंनी घेतलेलं नाव

माझ्या मुलाचं नाव मी इथे लिहिणार नाही. त्या नावापायी आमच्या घरात आधीच पुरेसा तमाशा झालेला आहे, आणि मुलगा आता चांगला बाप्या झाला असला तरी हा विषय निघाला की उठून जातो. तेव्हा नावाशिवायच सांगते. तशीही ही गोष्ट त्याची कमी आणि माझ्या सासूबाईंची जास्त आहे.

१९९० साली आम्ही कुवेत शहरात दस्मानला, अमीराच्या राजवाड्याजवळ राहत होतो. नवरा सरकारी हॉस्पिटलात एक्स-रे टेक्निशियन आणि मी एका खासगी क्लिनिकच्या लॅबमध्ये. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत, पण माझी आई कधीच गेली होती, आणि नवऱ्याला एकट्याने सगळं झेपलं नसतं. म्हणून सासूबाई व्हिजिट व्हिसावर कराडहून आल्या. सासरे जाऊन वर्षही झालं नव्हतं. ते हेडमास्तर होते, आणि सगळं गाव त्यांना देवमाणूस म्हणायचं. मी लग्नानंतर लगेच कुवेतला आले, त्यामुळे दोन-तीन सुट्ट्यांपुरतीच आमची गाठ पडली. माझ्याशी ते गोडच वागले.

जुलैत मुलगा झाला. सासूबाईंनी त्याला मांडीवर घेतलं, नाक कुणासारखं आणि कान कुणासारखे हे सगळं बाजूला ठेवलं आणि पहिलं वाक्य बोलल्या, "ह्यांचं नाव ठेवायचं हं. आपल्याकडे पहिल्या नातवाला आजोबांचंच नाव असतं."

माझं डोकंच फिरलं. मुलाचं नाव मी कॉलेजात असल्यापासून ठरवून ठेवलं होतं. दोन अक्षरी, सुटसुटीत. सासऱ्यांचं नाव म्हणजे देवाचं, लांबलचक, डोक्यावर टोपी घातल्यासारखं. आणि गंमत अशी, की जे नाव ठेवायचा हट्ट चालला होता ते सासूबाई स्वतः कधी उच्चारतच नव्हत्या. नवऱ्याचं नाव तोंडाने घ्यायचं नाही, अशा पिढीतल्या त्या. लग्नात आणि हळदीकुंकवाला उखाण्यात घेतलं असेल तेवढंच, तेही खाली मान घालून, पुढे 'राव' लावून. आरतीत त्या देवाचं नाव आलं की ओठ मिटून घ्यायच्या आणि पुढच्या शब्दाला पुन्हा सूर धरायच्या. कुवेतच्या विमानतळावर माणसाने नवऱ्याचं नाव विचारलं, तेव्हा म्हणे त्यांनी नुसता पासपोर्ट पुढे केला.

"अहो आई, मग तुम्ही त्याला हाक काय मारणार?" मी विचारलं.

"ते माझं मी बघीन. तू नाव तर ठेव."

नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "तुम्ही दोघी ठरवा, मला काहीही चालेल." ह्या 'काहीही चालेल'ने माझा जितका संताप झाला तितका सासूबाईंच्या हट्टानेही झाला नव्हता. मी त्याला तिथल्या तिथे झापलं, "अरे, तोंड उघड की जरा!" तर सासूबाईंच्या हातातला कप थांबला. मी नवऱ्याला अरेतुरे करते हे त्यांना रुचत नाही, अशी माझी समजूत होती. त्या आल्यापासून हे मी अनेकदा पाहिलं होतं. मी 'अरे' म्हटलं की त्या हातातलं काम थांबवून बघत राहायच्या, आधी माझ्याकडे आणि मग त्याच्याकडे.

बारसं शुक्रवारी ठरवलं, सगळ्यांना सुट्टी म्हणून. गुरुवारी पहाटे मी बाळाला पाजत होते आणि खिडकीच्या काचा थरथरायला लागल्या. आधी वाटलं कुठे बांधकाम चाललंय. मग राजवाड्याच्या बाजूने धाडधाड आवाज सुरू झाले आणि नवरा पलंगावरून उठून आम्हाला ओढत बाथरूममध्ये घेऊन गेला, कारण तिथे खिडकी नव्हती. आम्ही चौघं बादल्यांच्या मध्ये बसलो होतो. इराकी फौज शहरात शिरली आहे हे रेडिओवरून कळलं, पण ते डोक्यात शिरायला पुष्कळ वेळ लागला. कालच ज्या रस्त्यावरून नवरा बाळाचे लंगोट घेऊन आला होता त्या रस्त्यावर रणगाडे? मला हसूच आलं, आणि ते हसू थांबेना. नवऱ्याने मला गदागदा हलवलं तेव्हा थांबलं.

दुपारी गोळीबार जरा विरळ झाला तशा सासूबाई उठल्या आणि घुगऱ्यांसाठी हरभरे भिजत घातले. मी थक्क झाले. म्हटलं, "आई, बाहेर युद्ध चाललंय."

"मग? उद्या बारसं आहे ना?"

शुक्रवारी बारशाला एकच बाई आली, खालच्या मजल्यावरची, मूळची रत्नागिरीकडची. नमाज आटोपून ती जिना चढून आली, बाळाच्या हातात एक झबलं ठेवलं आणि विचारलं, "काय नाव ठेवलंत?" आम्ही दोघी एकमेकींकडे बघत बसलो. मी माझं ठरवलेलं नाव सांगायला तोंड उघडलं तर सासूबाई म्हणाल्या, "अजून ठरतंय." फौजा आल्या, राजा पळाला, पण आमच्या घरातला तह काही होईना. त्या बाईने घुगऱ्या खाल्ल्या, बाळाच्या कपाळावरून हात फिरवला आणि बिननावाचं बारसं उरकलं.

पुढचे आठवडे कसे गेले ते सांगण्यासारखं नाही. खुबूसच्या रोट्यांसाठी रांग, पाण्यासाठी रांग, कोपऱ्यावरचा बकाला, म्हणजे वाण्याचं दुकान, एका दुपारीत रिकामा झाला. माझं क्लिनिक बंद पडलं. नवऱ्याला चौकाचौकांत थांबवून तपासायचे. आपले लोक बसने बसऱ्याला, तिथून बगदाद आणि मग जॉर्डनला जाताहेत असं कळलं, आणि आम्हीही निघायचं ठरवलं. पण बाळाचा कुठलाच कागद झालेला नव्हता. माझ्या पासपोर्टवर त्याची नोंद नव्हती, कारण नोंद करायला नाव लागतं. त्या दिवसांतही आमच्या घरात 'बाळ' आणि 'सोन्या' यावरच भागत होतं. माझं मी मनात ठरवून टाकलं होतं, की कागद करायला गेलो की मी ठरवलेलं नाव सांगणार आणि मोकळी होणार.

एका शाळेत आपल्या लोकांनी वकिलातीच्या वतीने टेबलं मांडली होती. तिथे दोन रांगा होत्या, एक कागदांची आणि दुसरी बसच्या जागांची. नवरा दुसऱ्या रांगेत गेला. मी बाळाला घेऊन कागदांच्या रांगेत, आणि माझ्यामागे सासूबाई. विजेचा पत्ता नव्हता. घामाने बाळाचं झबलं भिजलं होतं आणि रडून रडून त्याचा आवाज बसला होता. आमची पाळी आली. टेबलामागचा माणूस केरळचा असावा. त्याने वर न बघताच विचारलं, "बच्चे का नाम?"

मी माझं ते दोन अक्षरी नाव सांगितलं. त्याने पेन टेकवलं, आणि सासूबाईंनी त्या कागदावर आपला पंजा ठेवला.

"थांबा."

मी हबकलेच. मागची माणसं ओरडायला लागली. तो माणूस वैतागून म्हणाला, "माताजी, जल्दी. चेकपोस्ट पे नाम पूछते हैं. बेबी नहीं चलेगा."

माझी सहनशक्ती संपली. इतक्या दिवसांचं जागरण, भीती, राग, सगळं तोंडातून बाहेर आलं. "तुम्हाला तेच नाव हवंय ना? मग सांगा त्यांना. तुमच्या तोंडाने सांगा. सांगितलंत तर तेच ठेवते, शपथ. नाहीतर हात काढा."

मला खात्री होती की त्या हात काढतील. चाळीस वर्षं न उच्चारलेलं नाव ही बाई परक्या माणसासमोर, भर रांगेत उच्चारणं शक्यच नव्हतं.

सासूबाईंनी पदर खांद्यावरून नीट घेतला आणि ते नाव उच्चारलं. पुढे राव नाही, आधी श्री नाही, मान खाली नाही. नुसतं नाव.

"क्या? जोर से बोलो."

मग त्या ओरडल्या. इतक्या मोठ्याने, की शेजारच्या रांगेतली माणसं गप्प झाली. मला त्या आवाजाची ओळखच पटेना. आमच्या घरात दुधवाल्यालाही ज्या बाईने कधी वरच्या पट्टीत हाक मारली नव्हती, त्या बाईचा तो आवाज होता. त्या माणसाने निमूटपणे नाव लिहिलं आणि शिक्का मारला. माझ्या मुलाचं नाव ठरलं होतं, माझ्याच शपथेने.

पण खरा धक्का पुढेच होता. सासूबाईंनी बाळाला माझ्याकडून घेतलं, भिंतीशी जाऊन बसल्या, आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघत म्हणाल्या, "अरे," आणि मग ते नाव. "गप्प बस. मी बोलत असताना मध्ये तोंड घालायचं नाही. तुला काय कळतंय? अक्कल आहे का तुला?" मग पुन्हा अरे, पुन्हा नाव, आणि पुन्हा तेच. आवाज चढलेला नव्हता. एकेक शब्द त्या सावकाश, निवडून टाकत होत्या. उन्हाने आणि उपासमारीने ह्यांच्या डोक्यावर परिणाम झाला की काय, असंच मला वाटलं.

नवरा बसच्या जागा मिळवून आला. नाव कळलं तसे त्याचे डोळे भरून आले. "आईने बाबांना परत आणलं," तो म्हणाला.

बसमध्ये आम्ही दोघं एका बाकावर, आणि सासूबाई आमच्या मागे, खिडकीशी, बाळाला घेऊन. कुवेत शहर संपलं, जळक्या गाड्या मागे पडल्या आणि दोन्ही बाजूंना नुसतं रेताड सुरू झालं. बाळ किरकिरायला लागलं. मागून पुन्हा तेच ऐकू आलं. अरे, नाव, आणि "मी बोलत असताना मध्ये तोंड घालायचं नाही. तुला काय कळतंय?"

नवऱ्याने चमकून मागे बघितलं आणि मोठमोठ्याने हसायला लागला. किती आठवड्यांनी मी त्याचं हसणं ऐकत होते. "अगं, हे तर बाबांचं वाक्य!" तो मला म्हणाला. "बाबा आईला अगदी अस्संच म्हणायचे. शब्दन् शब्द! घरात पण हेडमास्तरच."

सासूबाईंनी बाळावरची नजर काढली नाही.

"म्हणायचे," त्या म्हणाल्या. "पाहुण्यांसमोर म्हणायचे. माझ्या आईसमोर म्हणायचे. तुझ्यासमोर म्हणायचे. तू तेव्हाही असाच हसायचास."

नवऱ्याचं हसू तोंडावरच राहिलं. तो पुढे वळून बसला आणि समोरच्या बाकाची पाठ दोन्ही हातांनी धरून ठेवली. मला त्याच्याकडे बघवेना आणि मागेही बघवेना. दोन महिने मी या बाईशी भांडत होते, आणि तिला काय हवं होतं ते मला जरासुद्धा समजलं नव्हतं. मला वाटलं होतं भक्ती आहे. सगळ्यांनाच तसं वाटलं असतं.

शेवटी मी मागे वळले. म्हटलं, "आई, तो केवढासा आहे. त्याने काय केलंय?"

"त्याने काही नाही केलं," त्या म्हणाल्या. त्यांनी पदराने बाळाचा घाम इतक्या हळुवार टिपला, की मी बघत राहिले. "त्याला अजून कळत नाही म्हणूनच बोलतेय. कळायला लागलं की नाही बोलणार. तोवर मला बोलून घेऊ दे."

जॉर्डनच्या सरहद्दीवरच्या तंबूत, अम्मानच्या विमानतळावर, मुंबईच्या विमानात आणि नंतर कराडच्या घरात, सासऱ्यांच्या हार घातलेल्या फोटोखाली बसून, त्या बोलत राहिल्या. बाळाला न्हाऊ घालताना, तेल लावताना, भात भरवताना. हात मायेने चालायचे आणि तोंडाने चाळीस वर्षांचा हिशेब. शेजारणी म्हणायच्या, आजी नातवाशी किती गप्पा मारते! नवरा त्या वेळी अंगणात जाऊन उभा राहायचा. मी मात्र दारात बसून ऐकायचे. कुणीतरी ऐकायला हवं होतं.

१९९१ उजाडलं, युद्ध पेटलं आणि संपलंही. कुवेत मोकळं झाल्याच्या बातम्या येत होत्या आणि नवरा परत जायच्या खटपटीला लागला होता. एका सकाळी बाळ सतरंजीवर बसून वाटी आपटत होतं. सासूबाईंनी स्वयंपाकघरातून हाक मारली, अरे, आणि ते नाव. बाळाची वाटी थांबली. त्याने मान वळवली, त्यांच्याकडे बघितलं आणि दोन दातांचं तोंड उघडून हसलं.

सासूबाई दारातच थांबल्या. मग पुढे येऊन त्यांनी त्याला उचललं, खांद्याशी धरलं आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "झालं गं माझं बोलून."

त्यानंतर त्या त्याला बाळच म्हणायच्या, शेवटपर्यंत.