रिकामी गेलेली हाक

बुकबाइंडरला गल्लीत सगळे 'आलोच' म्हणायचे. नाव ठेवायला लोकांना काय लागतं! पण हे नाव त्यानं स्वतःच कमावलेलं होतं. आतल्या खोलीतून आईनं हाक मारली, की सुई तशीच कागदात टोचून हा "आलोच" म्हणत उठायचा. परत येईपर्यंत सोळा पानांचा कितवा फर्मा शिवत होतो हेच विसरलेला असायचा. त्यामुळे त्याच्या हातच्या कैक पुस्तकांत सोळा पानं दोनदा यायची, नाहीतर सोळाच्या सोळा गायब. गिऱ्हाइकं कपाळाला हात लावायची, पण दुसरीकडे जायची नाहीत.

हाकेसरशी उठायची ही शिकवण आजोबांची. संध्याकाळी पोथी मिटली की ते नातवाला समोर बसवून सांगायचे, "देव कुणाला नावानं हाक मारत नाही. ते काम त्यानं आईबापांवर सोपवलंय. म्हणून पहिल्या हाकेला उठायचं. रिकामी गेलेली हाक घराबाहेर जात नाही, घरातच फिरत राहते." पोर घाबरलं ते घाबरलंच. साठी उलटली तरी ती भीती गेली नाही.

चुकला तो एकदाच, सहा वर्षांपूर्वी, दुपारी चार वाजता. एका जाडजूड ग्रंथाचा शेवटचा फर्मा हातात होता. आईनं हाक मारली. एवढा टाका घालतो नि उठतो, म्हणून तो बसून राहिला. दुसरी हाक आली, तिसरी आली, मग आलीच नाही. आत जाऊन बघतो तर म्हातारी कॉटवर आडवी, सगळं संपलेलं. तिला पाणी हवं होतं, की छातीत कळ आली होती? या विचारानं त्याचा जीव तीळतीळ तुटायचा.

आठवडा झाला नसेल, चारला पुन्हा हाक आली. आवाज तोच, तसाच थकलेला. तो उठून आत गेला आणि त्यानं रिकाम्या कॉटला विचारलं, काय हवंय आई? उत्तर नाही. चादरीवर मात्र, कुणी आत्ताच कूस बदलल्यासारखा खळगा. त्या दिवसापासून हे रोजचंच झालं. गिऱ्हाइकांना वाटलं होतं, आता तरी पुस्तकं धड मिळतील. कसलं काय, सोळा पानं चुकायची ती चुकतच राहिली.

यंदा त्याचे कान गेले. लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेली मुलगी त्याला कायमचं न्यायला आली, तिनं बॅगही भरली. पण हा हटून बसला. मला ऐकू येत नाही, म्हणजे हाक रोज रिकामी जातेय, असं म्हणून चक्क रडला. तू इथं बस, चारला ऐक, मग म्हणशील तिथं येतो, एवढंच त्याचं मागणं. बाबांचं डोकं फिरलं, असं तिला वाटलं. तरी बापाचा शब्द मोडायचा कसा, म्हणून ती बसली.

चार वाजले. बाप तिच्या तोंडाकडे टक लावून बघत होता. तिचं हसू एकदम मावळलं. "आले," म्हणून ती ताडकन उठली आणि आत गेली. बऱ्याच वेळानं आली ती पांढरीफटक होऊन. त्याच्या कानाशी तोंड नेऊन तिनं विचारलं, "बाबा, ठोंब्या कोण?"

त्यानं हातातली कात्री खाली ठेवली. त्या नावानं त्याला फक्त आई हाक मारायची, तीही तो शाळेत जायला लागेपर्यंत. ते माहीत असलेलं कुणीच उरलं नव्हतं.

"आजी म्हणाली, ठोंब्या, आधी जेवून घे. गार होतंय."

आई गेली त्या दुपारी कॉटशेजारच्या स्टुलावर झाकलेलं ताट होतं. कामाच्या नादात सकाळपासून त्यानं काही खाल्लं नव्हतं. ते ताट त्यानं माणसं जमायच्या आत घासून ठेवलं होतं, पोटच्या पोरीलाही कधी सांगितलं नव्हतं. सहा वर्षं तो आईला काय हवंय ते विचारत होता, आणि तिला काहीच नको होतं.

मुलीनं घरात होतं ते वाढून आणलं. कॉटसमोर मांडी घालून तो जेवला, डोळे पुसत, मान खाली घालून. दारातून मुलीला कॉट दिसत होती. चादरीवरचा खळगा हळूहळू वर येत होता, माणूस उठून गेल्यावर गादी येते तसा. बापाच्या ताटात तिनं आणखी थोडं वाढलं.